वीरगळ कोणत्या विभागाचा?

आपल्या विद्यापीठांतील मानव्यविद्यांना उतरती कळा लागली आहे, असे म्हणण्याची आता एक रीतच पडून गेली आहे. चर्चासत्राच्या उद्घाटनाला अध्यक्ष हे वाक्य उच्चारतात, श्रोते खिन्नपणे माना डोलावतात, आणि मग चहा येतो. कारणेही ठरलेलीच असतात. सरकार पैसा देत नाही. पालकांना घरात इंजिनिअर हवा असतो. मुले वाचीत नाहीत. आधी दूरदर्शन आले, मग मोबाईल आला. यांतले एकही कारण खोटे नाही. पण ही सगळी कारणे फार सोयीची आहेत. अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळाच्या टेबलापर्यंत त्यांतले एकही येऊन पोचत नाही. दोष कुठे तरी बाहेर आहे आणि आपण त्याचे बळी आहोत, अशी समजूत करून घेतली की चहा गोड लागतो.

मला या समजुतीशी भांडायचे आहे. इतिहास, कला, वाङ्मय आणि मानवशास्त्र या चारही विषयांचे आपले अभ्यासक्रम खंगले आहेत, ते मुख्यतः एका कारणाने. ते विद्यार्थ्याच्या हाती साधन देत नाहीत. साधन म्हणजे मूळ वस्तू: कागद, दगड, पोथी, ओवी, चित्र, विधी. त्या वस्तूवर कोणी तरी ग्रंथ लिहिलेला असतो, त्या ग्रंथावर दुसऱ्याने क्रमिक पुस्तक बेतलेले असते, आणि त्या पुस्तकावर तिसऱ्याने गाइड काढलेले असते. आपला विद्यार्थी या तिसऱ्याचा शिष्य असतो. मूळ वस्तूची आणि त्याची तीन वर्षांत एकदाही गाठ पडत नाही. आणि माझे असेही म्हणणे आहे की, ही गाठ पडत नाही म्हणूनच या चार विषयांमध्ये भिंती उभ्या राहू शकल्या. साधनाला विभाग ठाऊक नसतात.

हे विधान काहींना भरमसाट वाटेल. म्हणून हवेत न बोलता एक दगड समोर घेऊ.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत वेशीजवळ, मारुतीच्या पाराशी किंवा एखाद्या पडक्या शिवालयाच्या आवारात एक उभट दगड रोवलेला दिसतो. त्यावर एकावर एक अशा तीन-चार चौकटी कोरलेल्या असतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई चाललेली असते, किंवा वीर पडलेला असतो. कधी त्याच्या शेजारी गुरे असतात. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्रसूर्य. ते आहेत तोवर याची आठवण राहो, म्हणून. हा वीरगळ.

आता हा दगड घेऊन आपण विद्यापीठात जाऊ. इतिहास विभाग पहिला प्रश्न विचारील: लेख आहे का? महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. म्हणजे राजाचे नाव नाही, शक नाही. मग इतिहास विभागाने करायचे काय? कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक दगडाकडे एकवार पाहतील आणि वेरूळची आठवण काढून उसासा टाकतील. गावच्या पाथरवटाचे हे ओबडधोबड काम. त्यांच्या पुस्तकात याला एक ओळही नाही. मराठी विभागात तर सरळच विचारतील, की यात वाचायचे काय आहे? उरले मानवशास्त्र. त्या विभागाचे दार ठोठावावे म्हटले, तर बहुतेक ठिकाणी दारच सापडणार नाही. पुण्याच्या विद्यापीठात असा विभाग आहे. पण तालुक्याच्या गावी जे कला महाविद्यालय असते, तिथल्या मुलाला हा विषय नावानेही क्वचितच ठाऊक असतो. अशा रीतीने चार दारांवरून परत आलेला वीरगळ पुन्हा आपल्या वेशीत येऊन उभा राहतो.

वास्तविक या दगडात चौघांनाही पुरून उरेल एवढे आहे. खालच्या चौकटीत गुरे का आहेत? कारण कमी पावसाच्या मुलखात गुरे हीच दौलत होती. ती पळवून नेणे हे युद्ध होते आणि ती सोडवताना मरणे हे पुण्य होते. राजांच्या ताम्रपटांत न येणारा असा एक इतिहास त्या चौकटीत आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. कोकणच्या जुन्या आरमाराचे याहून बोलके चित्र कोणते दाखवाल? कलेच्या विद्यार्थ्याने पाहावे, की ही कथा खालून वर वाचायची असते, आणि अक्षर न येणाऱ्या माणसाला ती वाचता यावी म्हणून पाथरवटाने कोणत्या युक्त्या योजल्या आहेत. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने पाहावे, की मरण, स्वर्गारोहण आणि देवसान्निध्य असा हा जो क्रम आहे, तो आपल्या किती कथागीतांच्या हाडात भिनलेला आहे. आणि मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याने फक्त जवळ उभे राहावे. गावाला त्या वीराचे नाव आठवत नाही. पण दगडाला शेंदूर आहे, पुढे नारळाची शकले पडलेली आहेत. माणूस विसरला गेला आणि त्याचा देव झाला. हे कसे घडते, या प्रश्नात निम्मे धर्माचे शास्त्र येऊन जाते.

ज्यांनी हा दगड खरोखर वाचला, त्यांनी विभागांच्या भिंती मानल्या नाहीत. अशा स्मृतिशिलांवरचा एक मोठा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक होते कर्नाटकातले इतिहासाचे आणि कलेचे अभ्यासक शेट्टर. दुसरे होते जर्मनीचे गुंथर सोंथायमर. हे सोंथायमर मूळचे कायद्याचे अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि पुढे धनगरांच्या ओव्या ऐकत, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबांच्या मागे महाराष्ट्राचे माळ तुडवीत हिंडले. आमच्या एखाद्या विद्यापीठात नोकरीसाठी आले असते, तर त्यांचा विषय कोणता धरायचा, एवढ्याच मुद्द्यावर त्यांचा अर्ज परत गेला असता.

सोंथायमर परदेशी होते, म्हणून सोडून देऊ. आपल्याकडे मानव्यविद्यांत जे काही टिकाऊ काम झाले, ते कोणी केले? राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गावोगाव पायपीट करून गोळा केली आणि १८९८ पासून त्यांचे बावीस खंड काढले. त्यांचा विषय कोणता? इतिहास म्हणावा, तर त्यांना मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. व्याकरण म्हणावे, तर विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहून त्यांनी सनातन्यांची झोप उडवली. गोविंद सखाराम सरदेसायांची हयात बडोदे संस्थानच्या नोकरीत गेली. तिथून निवृत्त झाल्यावर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांनी संपादिले. दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक. त्यांनी जुनी नाणी तराजूत घालून तोलली, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गारगोट्यांची हत्यारे वेचली, वाटेवरच्या म्हसोबांना आणि मातृदेवतांना त्यांची कुळकथा विचारली, भर्तृहरीच्या सुभाषितांचे पाठ चिकित्सेने लावले, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचे वळणच बदलून टाकणारे पुस्तक लिहिले. रामचंद्र चिंतामण ढेरे विद्यापीठीय चाकरीच्या बाहेर राहिले. १९८४ साली त्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहिले. त्यात मूर्ती आहेत, शिलालेख आहेत, स्थलपुराणे आहेत, संतांचे अभंग आहेत आणि गवळी-धनगरांचे देव आहेत. यांतले एक काढा आणि उरलेल्यांवर तो सिद्धान्त उभा राहतो का, ते पाहा.

विद्यापीठांचा अपमान करण्यासाठी मी ही नावे घेत नाही. संस्थेच्या चार भिंतींतही हे काम होऊ शकते, याला आपल्याकडेच दाखला आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले. तिथे पुरातत्त्वाचे सांकळिया होते आणि समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या इरावती कर्वे होत्या. गुजरातेत लांघणज येथे प्राचीन माणसांचे सांगाडे निघाले, त्या उत्खननात हे दोघे बरोबर होते. माती उकरणारा आणि माणूस मोजणारी, दोघे एकाच खड्ड्याच्या काठावर! त्याच इरावतीबाईंनी पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालून जे लिहिले, ते ललित म्हणून वाचावे की शास्त्र म्हणून, हे आजही सांगता येत नाही. त्यांचे गुरू घुर्ये संस्कृतातून समाजशास्त्रात आलेले. अशी माणसे त्या काळी एका छपराखाली नांदू शकली, ती कोणत्याही धोरणामुळे नव्हे. त्यांच्यासमोर वस्तू होती, आणि वस्तूपुढे विषयाचा सोवळेपणा चालत नाही.

याच्या शेजारी आजचा अभ्यासक्रम ठेवून पाहा. मराठ्यांचा इतिहास हा आपला जिव्हाळ्याचा विषय. त्याचे कोट्यवधी कागद मोडी लिपीत आहेत. एकट्या पुण्याच्या पुराभिलेखागारात त्यांचे रुमालांवर रुमाल बांधून ठेवलेले आहेत. आणि मोडीची एक ओळ न वाचता इतिहासाची एम.ए. ही पदवी आपल्याकडे बिनदिक्कत मिळते. जिथे मोडी ठेवलेली असते, तिथे ती ऐच्छिक. फ्रेंच न येणाऱ्याला फ्रेंच राज्यक्रांतीचा पंडित म्हटले तर आपण हसू; पण मोडी न येणारा शिवकालाचा तज्ज्ञ आपल्या व्यासपीठांवर हारतुऱ्यांत बसलेला असतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरे उघडली गेली. तेव्हा मोडी वाचणारी माणसे कुठे मिळतील, याची शोधाशोध सुरू झाली. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाशी मला इथे कर्तव्य नाही. इतिहासाचे शेकडो पदवीधर दर वर्षी बाहेर पडणाऱ्या राज्यात आजोबांचे कागद वाचायला माणूस मिळेना, एवढेच मला नोंदवायचे आहे.

आणि त्या कागदांत काय आहे? एखादा महजर घ्या. गावच्या वतनाचा तंटा गोतसभेने कसा तोडला, त्याचा हा कागद. खाली साऱ्यांच्या साक्षी असतात. ज्याला लिहिता येत नाही, तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी काढतो; पाटलाचा नांगर त्यात ठळक असतो. कोण आधी, कोण नंतर, कोणाची निशाणी कुठे, यात त्या गावाची उतरंड उमटलेली असते. असा एक कागद महिनाभर वर्गात ठेवला, तर जातिव्यवस्थेवरच्या चार पुस्तकांनी होणार नाही एवढे काम होईल. पण आपल्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न येतो: 'मराठाकालीन ग्रामव्यवस्थेची वैशिष्ट्ये लिहा.' वैशिष्ट्ये सात असतात. गाइडात सात दिलेली आहेत म्हणून सात.

मराठीची गोष्ट निराळी नाही. ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय नेमलेला असतो. त्यातील उपमा मोजल्या जातात, भक्तिरस दाखवला जातो. पण आपण वाचतो आहोत ही ज्ञानेश्वरी कोणत्या प्रतीतली, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनातही उभा राहू दिला जात नाही. वास्तविक तो प्रश्न नवा नाही, परका तर नाहीच नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. आपल्या संतपरंपरेतील एका महापुरुषाला जो प्रश्न पडला, तो आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला पडत नाही. कारण त्याला त्यावर गुण नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि आपण पेढे वाटले. पेढे जरूर वाटावेत. पण अभिजात भाषेचा पदवीधर एखादी जुनी पोथी हाती घेऊन तिचे पान कोणत्या बाजूने सुरू होते हे सांगू शकत नसेल, तर तो दर्जा नेमका कोणाला मिळाला?

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. महाविद्यालयात शिकवण्याच्या पात्रतेसाठी जी नेट नावाची परीक्षा असते, तिच्यात पूर्वी एक प्रश्नपत्रिका लेखी उत्तरांची असे. जून २०१२ पासून ती गेली. आता सगळे प्रश्न पर्यायांचे. अर्थात मराठी वाङ्मय शिकवायला पात्र ठरलेल्या उमेदवाराने त्या परीक्षेत मराठीचे एक वाक्यही लिहिलेले नसते. चारांतला एक पर्याय निवडता आला की झाले. पोहण्याच्या शिक्षकाची परीक्षा पाण्याचे सूत्र विचारून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. आणि असा उमेदवार पुढे नोकरीला लागतो तोही बहुधा तासिका तत्त्वावर. तासाला इतके रुपये, सुट्टीचे काही नाही. त्याने विद्यार्थ्यांना घेऊन दुपारभर देवळाच्या आवारात बसावे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याचा तास पंचेचाळीस मिनिटांत संपतो.

या स्थितीवर काही उपाय करता येईल, अशा समजुतीने मी एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे एकदा एक साधी सूचना मांडली होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला वीस गुण एका वहीला ठेवा. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एक साधन निवडावे, वर्षभर त्याच्या मागे राहावे आणि जे दिसले ते त्या वहीत लिहावे. मंडळाने सूचना ऐकून घेतली. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "सर, मूल्यमापन कसे करणार? एकाला दगड मिळेल, दुसऱ्याला मिळणार नाही. उद्या पोरे कोर्टात जातील." दुसरे म्हणाले, "आणि सगळ्यांनी एकमेकांची वही उतरवली तर?" मी विचारले, की सध्या सगळे जण एकच गाइड उतरवतात, त्याचे मूल्यमापन आपण कसे करतो? यावर कोणी रागावले नाही. सूचना तूर्त स्थगित ठेवण्यात आली, आणि ते तूर्त अजून संपलेले नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप विद्वानांचा आहे. मूळ साधनांवर काम करणे ही पीएच.डी.ची गोष्ट, बी.ए.च्या मुलांना त्यातले काय कळणार? मी उलट विचारतो, शास्त्र शाखेत असे कोणी म्हणते का? अकरावीतले मूल प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळीत क्षार ओळखते. ते नवा शोध लावील, अशी कोणाचीही अपेक्षा नसते. पण पुस्तकात जे लिहिले आहे ते कशावरून लिहिले, हे त्याच्या हाताला आणि डोळ्याला कळावे, म्हणून शास्त्राने प्रात्यक्षिकाचा आग्रह धरला. आपल्या चार विषयांना प्रात्यक्षिक नाही. 'कशावरून?' हा प्रश्न विचारायची सवय शास्त्राच्या मुलाला सतराव्या वर्षी लागते, आणि आपल्या मुलाला पदवी मिळाली तरी लागत नाही. मग तो पुस्तकात छापलेले खरे मानतो, आणि पुस्तक सुटल्यावर मोबाईलवर आलेले खरे मानतो.

दुसरा आक्षेप धोरणवाल्यांचा आहे. ते म्हणतात, तुम्ही हे जुने रडगाणे कशाला गाता? २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आहे. आता मुख्य विषय, दुय्यम विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, सगळे आहे. भिंती पडल्याच की! मी त्या धोरणाचा शत्रू नाही. पण चार वाट्यांतले जिन्नस एका ताटात मांडले म्हणजे स्वयंपाक होत नाही. इतिहासाचे गाइड अधिक मराठीचे गाइड अधिक ज्ञानप्रणालीचे नवे गाइड, ही बेरीज कितीही लांबवली तरी उत्तर गाइडच येते. मला विषयांची खिचडी नको आहे. इतिहासकाराने इतिहासाचीच शिस्त शिकावी, कलेच्या अभ्यासकाने पाहण्याचीच. फक्त त्या शिस्ती ज्या वस्तूवर चालवायच्या, ती वस्तू समान आणि खरी असावी. वैद्यकात हाडांचा तज्ज्ञ आणि हृदयाचा तज्ज्ञ वेगळे असतात. पण दोघांपुढे रोगी एकच असतो, आणि तो जिवंत असतो.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त आदराने ऐकावासा वाटतो. दगड वाचून भाकरी मिळेल का? प्रामाणिक उत्तर असे, की आज गाइड वाचूनही मिळत नाही. कला शाखेत येणारी मुले कोण असतात, हे एकदा नीट पाहावे. ज्यांना शास्त्राची शिकवणी परवडली नाही, ज्यांच्या घरात पदवीपर्यंत कोणी पोचले नव्हते, ज्या मुलींना गावाबाहेर ठेवायला घरचे तयार नव्हते, त्यांची ही शाखा. निकृष्ट शिक्षण द्यायचेच, तर ते नेमके यांनाच द्यायचे, असा जणू आपण करार केला आहे. या मुलांना कागद वाचता आला, ऐकलेले जसेच्या तसे उतरवता आले, पाहिलेल्या गोष्टीचे नेमके वर्णन करता आले आणि 'कशावरून?' असे विचारता आले, तर ती कोणत्याही कचेरीत, वर्तमानपत्रात, शाळेत किंवा न्यायालयात उपयोगी पडतील. सात वैशिष्ट्ये पाठ असण्याची मागणी मात्र कोणत्याच बाजारात नाही.

आणि याहूनही मोठा अन्याय वेगळा आहे. या मुलांच्या घरात साधने आहेत. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या आजीला जात्यावरच्या शेकडो ओव्या येत होत्या. त्या मुलीने लोकसाहित्याच्या प्रश्नाला परीक्षेत उत्तर लिहिले ते गाइडातल्या व्याख्यांचे, आणि ओवीचे उदाहरण दिले तेही गाइडातले. आजीची ओवी लिहायची असते, असे तिला कोणी सांगितले नव्हते; उलट शाळेत पाऊल ठेवल्यापासून, घरचे ते अडाणी आणि पुस्तकातले ते ज्ञान, हेच तिच्या मनावर बिंबले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी जाऊन बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणारीचे नाव आणि गाव यांसह नोंदवल्या. सासुरवास, भाऊ, पाऊस, सीता, आणि थेट आंबेडकर, असे सगळे त्यांत आहे. हे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनी केलेले नाही. ज्या विभागांत वर्षाला हजारो मुली शिकत होत्या, आणि प्रत्येकीच्या घरात एक आजी होती, त्या विभागांना ते सुचले नाही. आता घरोघर गिरणीचे पीठ येते, जाते कोपऱ्यात उभे आहे, आणि त्या आज्या एकेक करून चालल्या आहेत. विभागांची पुनर्रचना मात्र चालू आहे.

साधन वाचण्याची सवय समाजाला नसली, तर काय होते? ते आपण पाहिलेले आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि पुस्तकांची, पोथ्यांची नासधूस झाली. कारण झाले होते एका परदेशी लेखकाचे पुस्तक. त्या पुस्तकातील विधानांना आधार नव्हता, असे ज्यांना वाटत होते, त्यांनी आधार मागायला हवा होता. आधार तपासायची साधने ज्या घरात होती, त्या घरातलीच कपाटे फोडली गेली. त्या जमावाला दोष देणे सोपे आहे. मला प्रश्न पडतो तो असा, की त्यांच्यापैकी जे कोणी पदवीधर असतील, त्यांना आपण तीन वर्षांत काय शिकवले होते? पुरावा म्हणजे काय, हे ज्याला कधी दाखवलेच नाही, त्याच्यापाशी अभिमान तेवढा उरतो. आजही कुठे कुठे वेशीतल्या वीरगळाला नवा रंग दिला जातो आणि कोणत्या तरी घराण्याचे नाव त्यावर रंगवले जाते. नाव नसलेल्या दगडाला आपले नाव देणे फार सोपे असते. त्या गावातल्या एखाद्या पोराने पुढे होऊन 'कशावरून?' असे विचारावे, एवढ्यासाठी मला मानव्यविद्या हव्या आहेत.

मागणे फार मोठे नाही. इतिहासाच्या पदवीला एक वर्ष मोडी आवश्यक करा. मराठीच्या विद्यार्थ्याने एका ओवीचे, कथेचे किंवा पोथीच्या एका पानाचे निरनिराळे पाठ स्वतः उतरवून ताडून पाहावेत, आणि सांगणाऱ्याचे नाव वर लिहावे. कलेच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी गावच्या देवळाचा आराखडा दोरी आणि टेप घेऊन काढावा, मग अजिंठ्याविषयी बोलावे. जिथे मानवशास्त्राचा विभाग नाही, तिथे निदान एक शिक्षक असा नेमा, जो मुलांना माणसाशी बोलायला आणि मुख्य म्हणजे ऐकायला शिकवील. चौघांनी मिळून वर्षातून एकदा एका गावी जावे. आणि जे सापडले ते त्याच गावच्या शाळेत, ज्यांनी ते सांगितले त्यांच्यासमोर वाचून दाखवावे. चुकले तर गाव सांगेल. त्या परीक्षेत कॉपी होत नाही. याला लागणारा खर्च म्हणजे दोरी, टेप, वही आणि एस.टी.चे तिकीट. एका चर्चासत्राच्या हारतुऱ्यांत आणि जेवणावळीत अशा चार सहली होतील.

हे जमणार नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना मी एकच विनंती करतो. आपल्या गावी जाल, तेव्हा वेशीतल्या दगडासमोर दहा मिनिटे उभे राहा, आणि आपण घेतलेल्या किंवा दिलेल्या पदव्यांपैकी कोणती पदवी तो वाचायला उपयोगी पडते, ते मनाशी तपासा. उत्तर जर 'एकही नाही' असे आले, तर ते त्या दगडावर लिहून ठेवू नका. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत सांगा.